आईच्या खुब्यातला गोळा

तीर्थरूप आबांस,
लेक अपेक्षाचा जर्मनीहून नमस्कार.

फोनवर रडूच येतं, म्हणून लिहितेय. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. आईच्या मातीला मी नव्हते, हे मात्र लय सलतं.

सिद्धूदादा म्हणाला, दोन वर्षांपूर्वी सांगलीत आईच्या खुब्यात बसवलेला सिरॅमिकचा गोळा राख सावडताना तसाच सापडला. तुम्ही तो धुऊन ठेवलाय. "पोरीच्या कामाला यील, पाठवून देऊ," म्हणालात. हे ऐकलं आणि मी लॅबमधून उठून बाहेर गेले.

असले गोळे कमी झिजावेत म्हणून आम्ही त्यात कार्बनचे केसाहून बारीक धागे मिसळून बघतो. वापरलेला गोळा यंत्राखाली धरला, की माणूस किती चालला याचा अंदाज झिजेवरून येतो.

ऑपरेशननंतर आई दर रविवारी सांगायची, "आता बिरोबाच्या देवळापतुर चालत जाती बघ. काळजी करू नगंस." व्हिडिओ कॉलवर मात्र ती कायम बाजेवरच दिसायची. मी कधी विचारलं नाही. तुम्हीही कधी काही बोलला नाहीत.

तुमचा खोकला थांबला का? मेंढरांमागं आता दादा एकटाच जातो का?

आबा, गोळा पाठवू नका. हातात आला, तर तपासल्याशिवाय मला राहवणार नाही. माणगंगेत सोडा. पण नदीवर जाताना गाडीनं जाऊ नका. तो हातात घ्या आणि बिरोबाच्या देवळावरून चालत जा.

तुमची,
अपेक्षा