मॅडमच्या दारात ठेवलेली ढेप

जयसिंगपूर
१४ मे २०२५

ती. विजयसिंहमामांस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे, मनापासून नाही. फोनवर तुम्ही समोरच्याला बोलूच देत नाही, आणि मला रागाने रडू यायला लागलं की तुम्हाला वाटतं पोरगी घाबरली. म्हणून पत्र.

आज पुण्याच्या कॉलेजची मेल आली. माझी मुलाखत थांबवली आहे. उमेदवाराच्या नातेवाइकाने निवड समितीच्या प्रमुखांच्या, म्हणजे इनामदार मॅडमच्या घरी जाऊन भेटवस्तू ठेवली, त्याचा लेखी खुलासा द्या, असं त्यात आहे. भेटवस्तू म्हणजे गुळाची ढेप, आणि वर तुमच्या आमदार साहेबांचं शिफारसपत्र. आईला विचारलं तर ती म्हणाली, विजू बोलेरो घेऊन पुण्याला गेलता खरा.

मामा, परीक्षा संपल्यापासून मी याच मुलाखतीची तयारी करते आहे. मला मृदाशास्त्र शिकायचं आहे. शिरोळकडच्या मिठानं पांढऱ्या पडलेल्या रानांतली माती मी डबे भरून आणली. आरशासमोर उभं राहून स्वतःलाच प्रश्न विचारले. पाठ केलेलं उत्तर तोंडात येऊ नये म्हणून आमच्या बाईंनी उलटसुलट विचारून माझा जीव काढला. त्या सगळ्यावर तुम्ही एका दुपारीत पाणी ओतलंत.

खुलाशात मी जे घडलं ते लिहिणार आहे. तुम्ही आता कुणालाही फोन करायचा नाही. माझ्यावर लोभ असेल तर तो घरी बसून करा.

तुमची भाची,
निशिगंधा

---

कोल्हापूर
१८ मे २०२५

चि. निशिगंधा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून मलाही कागद शोधावा लागला. दूध संस्थेच्या सह्या सोडल्या तर मी कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नाही.

तुझं पत्र वाचून डोकं तापलं. मी काय चोरी केली? पैशाचं पाकीट सरकवलं? घरच्या उसाचा गूळ नेला. कुणाच्या दारात मोकळ्या हातानं जायचं नाही, हे तुझ्या आजोबांनी आम्हाला शिकवलं. त्या बाईला गुळात लाच दिसत असेल तर तो तिच्या नजरेचा दोष. तिनं साधं पाणी विचारलं नाही, उलट आत्ताच्या आत्ता हे उचला म्हणाली. मी उचललं नाही. दिलेली वस्तू परत घेऊन जायला मला लाज वाटली. वॉचमनला ती आत नेऊन दे म्हणून सांगितलं आणि निघालो.

आक्कानं मला सांगितलं होतं की पोरीनं आरशासमोर बोलून बोलून घसा बसवून घेतलाय, ताटावर बसत नाही. ते ऐकून मामानं गप्प बसायचं असेल तर मामा हवा कशाला? मार्कांचे कागद सगळ्यांकडेच असतात. जग ओळखीवर चालतं, हे तुला अजून कळायचंय.

खुलाशात माझं नाव खुशाल घाल, मी कुणाला भीत नाही. मामी तुझी वाट बघते. राग उतरला की ये.

तुझा मामा,
विजयसिंह

---

जयसिंगपूर
७ जून २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईच्या आग्रहावरून कळवते. खुलासा दिल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि मुलाखत झाली. इनामदार मॅडम स्वतःहून समितीतून बाजूला झाल्या होत्या. बाकीच्यांनी पहिला प्रश्न गुळाचाच विचारला. हे गृहस्थ तुमचे कोण, म्हणाले.

लांबचे कुणीतरी आहेत असं सांगायचं मी ठरवून गेले होते. पण तोंडातून निघेना. मी म्हटलं, सख्खे मामा आहेत, त्यांनी केलं ते चूक आहे, आणि मी त्यांना तसं स्पष्ट कळवलं आहे. त्यांच्यातले एक सर बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. माझ्या वेळचे बाकीचे उमेदवार आपापल्या विषयावर बोलून बाहेर येत होते आणि मी तुमच्या गुळावर बोलत होते.

निकाल यायचा आहे. निवड झाली नाही तर ती कुणामुळे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मामींना नमस्कार. लोभाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

निशिगंधा

---

कोल्हापूर
२१ जून २०२५

चि. निशिगंधा हिस,
अनेक अनेक आशीर्वाद.

पोरी, जिंकलीस. सीट मिळाल्याचं आक्काकडून कळलं आणि इथं पेठेत आम्ही दिवाळी केली. तालमीसमोर डिजिटल बोर्ड लावलाय. मधे तुझा फोटो, वर साहेबांचा, खाली माझा. उच्च शिक्षणासाठी निवड, मामांच्या प्रयत्नांना यश, असा मजकूर आहे. येणारा जाणारा थांबून वाचतो.

आता तरी मान्य कर. बाई दारात किती का ओरडेना, गूळ पोचला की काम होतं. तू वर तोंड करून मामाला चूक म्हणालीस, तरी त्यांनी सीट दिलीच की. गल्लीतल्या ज्ञानूची क्रांती अकरावीला आहे, तिच्या बापालाही मी शब्द देऊन टाकलाय. तुझं केलं तसं तिचंही करीन. झालं गेलं सोड आणि पेढे घेऊन ये.

तुझा अभिमान असणारा,
मामा

---

जयसिंगपूर
२४ जून २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बोर्डाचा फोटो मला मैत्रिणीने पाठवला. ती ढेप मॅडमनी दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या कार्यालयात जमा केली. तुमच्या गुळानं झालं ते एवढंच. मला सीट मिळाली ती तुम्ही आडवे आलात तरीही मिळाली. आता जन्मभर तुमच्या पेठेत लोक म्हणणार, पोरीचं काम मामानं केलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट माझी एकटीची होती. ती तुम्ही फटाके लावून स्वतःच्या नावावर केलीत.

हेही मी गिळलं असतं. पण काल क्रांतीचा मेसेज आला. मला वाटलं, काय वाचू ते विचारत असेल. तिनं विचारलं की ताई, मॅडमच्या घरी काय न्यायचं असतं.

मामा, ती पोरगी वर्गात पहिली येते. आता ती वाचायचं सोडून तुमच्या बोलेरोची वाट बघत बसेल. म्हणून नुसता बोर्ड उतरवून भागणार नाही. तालमीच्या कट्ट्यावर, क्रांती आणि तिचे वडील समोर असताना, खरं सांगा. मॅडमनी तुम्हाला दारातून घालवलं आणि तुमच्यामुळे भाचीची सीट जाता जाता राहिली, हे सांगा. ते होत नाही तोवर मी पुण्याला जाताना तुमच्या पाया पडायला येणार नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण माघार घेणार नाही.

निशिगंधा

---

कोल्हापूर
३० जून २०२५

चि. निशिगंधा हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि फाडलं. भाचीनं मामाला कट्ट्यावर उभं करायचं, हे आपल्या घरात आजवर झालेलं नाही. तुझ्या मामीनं तुकडे गोळा केले आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

काल संध्याकाळी सांगितलं. सगळे जमले होते. पोट धरून हसले. एकानं विचारलं, विजूदादा, गूळ काळा निघाला हुता काय. ज्ञानू उठून गेला, त्याला वाटलं मी दिलेला शब्द फिरवला. या पेठेत मला जो मान होता तो तुझ्यापायी गेला. तुझा मला राग आहे आणि तो एवढ्यात जाणार नाही, हे स्वच्छ लिहितो. बोर्ड उतरवलाय.

क्रांती मात्र जागची हलली नाही. तिनं विचारलं, मग ताईला घेतलं ते कशावर, आणि ती शिकायला तरी काय चाललीया. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला सांगता येईना. तुझ्यासाठी पुणं गाठलं, त्या बाईच्या दारात अपमान गिळला, बोर्ड छापणाऱ्यानं कसलं शिक्षण म्हणून विचारलं तर उच्च म्हणून घाल असं सांगितलं. पण तू काय शिकणार हे मी तुला एकदाही विचारलेलं नाही. घरी येऊन तुझी पत्रं पुन्हा वाचायला घेतली. मला बोललीस तेवढंच मी त्यात वाचलं होतं.

मातीचं काहीतरी लिहिलंयस, ते मला समजलं नाही. माती शिकायला पुण्याला का जावं लागतं आणि तिच्यात शिकायचं काय असतं, ते मला समजेल असं उलगडून लिही. क्रांती आज दारात येऊन विचारून गेली. मी तिला ताईचं पत्र आलं की ये म्हटलंय.

तुझा मामा,
विजयसिंह