दीडपट वेगाने

४ मार्च, मंगळवार

नणंदबाईंचा सिनेमा झाला एकदाचा! थिएटरात लागायच्या आधी घरी बघायला लिंक पाठवलीय. सिनेमात इनमिन तीन माणसं — अंथरुणाला खिळलेले सासरे, त्यांची सून आणि वरच्या खोलीतला भाडेकरू. सून म्हणजे आमच्या बाईसाहेब.

फोनवर म्हणाली, "दादा काय, कसंही असलं तरी छानच म्हणणार. तू खरं सांगशील, वहिनी. जमलंय म्हणालीस तर दुसरा सिनेमा घेते. नाहीतर शिलाई मशीन आहेच. शुक्रवारी हो-नाही कळवायचंय."

अगं बाई, माझ्या गळ्यात कुठे टाकतेस हे!

५ मार्च

नाही झालं बघून.

६ मार्च, गुरुवार

पाहिला. इस्त्री करता करता, दीडपट वेगाने. ऑफिसात गिऱ्हाइकांचे रेकॉर्ड केलेले फोन मी दिवसभर तसेच ऐकते आणि मार्क देते. आता साध्या वेगाने कोणी बोललं की मला कंटाळा येतो.

गोष्ट बरी आहे. सून रोज भाडेकरूच्या बंद दाराशी ताट ठेवते, ताट रिकामं मिळतं. मग तिच्या लक्षात येतं, त्याच्या चपला कधीच्या जागच्या हललेल्या नाहीत. मग जेवतंय कोण?

जेवणं उरकल्यावर तिला फोन केला. "मस्त गं! फक्त तू जरा घाई करतेस. त्या दारापाशी ताट ठेवलंस की पळालीस. थांबायला हवं होतंस."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

मला आपली उगाच मोठी जाणकार झाल्यासारखी फुशारकी!

७ मार्च, शुक्रवार

तिने दुसऱ्या सिनेमाला नकार कळवला. नवरा म्हणाला, "तिचं तिला कळतं." मी भांडी आपटत बसले.

१५ मार्च, शनिवार

थिएटरात जाऊन आलो. तोंड कुठे लपवू?

ती थांबते. चांगली थांबते! ताट हातात, दार बंद, आतून चावल्याचा बारीक आवाज. ती ताट खाली ठेवायला वाकते आणि अर्ध्यातच राहते. नुसता अंगठा ताटाच्या कडेवरून हळूहळू सरकतो. पुढच्या रांगेतल्या बाईने नवऱ्याचा दंड धरला. काही घडत नाही, तरी जीव टांगणीला! मग ती जिन्याखाली, सासऱ्यांच्या खोलीकडे बघते. पलंग रिकामा, आणि जमिनीवर त्यांच्या पावलांचे धुळीचे ताजे ठसे. चालता न येणाऱ्या माणसाचे ठसे!

इस्त्रीच्या वेळी हे सगळं शर्टाची एक बाही होईतो संपलं होतं. घाई मी केली, आणि बोल तिला लावला. शी! स्वतःचीच किळस आली.

बाहेर ती लोकांत उभी होती. नवऱ्याने तिला मिठीच मारली. मी म्हटलं, "साडी छान दिसतेय."

साडी! एवढंच सुचलं मला.

१६ मार्च

तीनदा फोन हातात घेतला. तीनदा ठेवला. भित्री कुठली!

१८ मार्च, मंगळवार

गेले तिच्या घरी. ती मशीनवर होती. सगळं ओकून टाकलं — इस्त्री, दीडपट, सगळं. म्हटलं, "माझं ऐकून नकार दिलास ना? त्यांना सांग, वहिनी मूर्ख आहे. अजून हो म्हण."

तिने दातांनी दोरा तोडला. म्हणाली, "त्यांनी दुसरी घेतली गं. आणि तुझं ऐकून नाही दिला नकार. लिंक कोणी किती वेळात पाहून संपवली ते दिग्दर्शकाला दिसतं. तुझा फोन यायच्या आधीच त्याने मला सांगितलं होतं."

"मग का?"

"वाटलं, माझ्या वहिनीलाच माझ्यासाठी दोन तास बसवत नाही, तर परकं कोण बसणार?"