तुझ्या लेकीच्या डोक्यातून नर्सिंग काढण्याबाबत

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशीलच. तुझ्या मागच्या पत्रातलं अक्षर पाहून रक्तदाब चढल्याचं कळलं, पण तो तुझा लग्नापासून चढलेलाच आहे. तुझ्या यजमानांना माझा नमस्कार सांग. (शक्यतो चिठ्ठीवर लिहून दे. तुझ्या तोंडून नमस्कारसुद्धा तक्रारीसारखा ऐकू येतो.) माझे गुडघे अजून आपापल्या जागी आहेत. आमचे हे आठवडाभर अंथरुणाला खिळून होते, पण काळजीचं कारण नाही. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. ते कसं, ते ओघात येईल.

तू लिहिलं होतंस, ‘ताई, पोरीला तुझ्याकडे पाठवते. नर्सिंगचं खूळ तिच्या डोक्यातून काढ आणि तिला बँकेच्या परीक्षेला बसायला लाव. तू अख्खा जन्म वॉर्डात घालवलास, त्याबद्दल तुझ्याइतकं कडू कोण बोलणार? एवढं केलं नाहीस तर तू माझी बहीण नाहीस.’ पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, ‘कडू बोलण्याबद्दल तिनं अगदी योग्य माणूस निवडलाय.’ त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. कॉन्व्हेंटात नन बायांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, पाठ ताठ ठेवणं आणि दुसऱ्याची चूक गोड आवाजात दाखवणं. त्यातली पाठ तेवढी टिकली.

तर पोरगी आली आणि मी पहिल्याच जेवणाला कामाला लागले. सुजलेले पाय सांगितले. नाव विसरून जन्मभर ‘अहो सिस्टर’ म्हणणारे डॉक्टर सांगितले. पेशंट बरा झाला की डॉक्टरांना हार घालणारे आणि चादर मळली की आपल्याला झापणारे नातेवाईक सांगितले. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोऱ्या गणवेशावर एका पैलवानानं केलेली उलटी तर मी पदार्थांसकट सांगितली. पोरगी हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी. ‘मग मावशी? पुढे काय झालं?’ म्हणून वर आणखी भात मागून घेतला. हे मात्र पान अर्धं टाकून उठले.

बोलून काम होईना तेव्हा मी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. खरा पेशंट चोवीस तास सांभाळायला लागला की भले भले ताळ्यावर येतात. पेशंट तेवढा हवा होता. आता, नर्सच्या घरात आजारी पडायला निदान एखादं हाड तरी मोडावं लागतं, हे तुला माहीत आहे. ह्यांची जन्मभराची तक्रार हीच, की जगाच्या कपाळावर हात ठेवलास आणि मला गोळी देऊन ऑफिसला पिटाळलंस. म्हणून मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, ‘पोरीसाठी थोडे दिवस आजारी पडाल का?’ त्यांचे डोळे लकाकले. ‘कितपत आजारी?’ म्हणाले. ‘पूर्ण,’ मी म्हणाले. लगेच कपाटाकडे गेले आणि त्यातल्या त्यात केविलवाणा पायजमा शोधू लागले. किरकिर करा, एवढं सांगायची मात्र गरज पडली नाही.

पोरीला आम्ही सगळं खरं सांगितलं, की काका खोटे आजारी आहेत, पण तुझं काम खरं. बाहेरच्या खोलीत कॉट टाकली. मी खुर्चीत बसून गंमत बघायची आणि तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं. (माझंच माझ्याशी ठरलं होतं.) पोरीनं चादर घातली ती कपाटात धुणं कोंबावं तशी. पहिला कोपरा मी डोळे मिटून सोसला. दुसऱ्याला खुर्चीतून उठले. ‘सरक,’ म्हणाले. गादी उचलून, चादरीला तिरकी घडी घालून, ती आत कशी खोचायची ते दाखवलं. चादरीला सुरकुती म्हणजे पेशंटच्या पाठीला जखम, हेही सांगितलं. पोरीनं उरलेले कोपरे असे घातले की मला धन्य धन्य वाटलं. मग तुझा चेहरा आठवला.

पुढे रोज हेच. अंग पुसताना पाणी गार झालं तरी तिनं बदललं नाही, म्हणून मी उठले. भरवताना आधीचा घास गिळायच्या आत तिनं दुसरा चमचा पुढे केला, म्हणून उठले. कॉटवरच्या पेशंटचे केस कसे धुतात, हे तिनं विचारलं आणि मी ते ह्यांच्या डोक्यावर करून दाखवलं. (ह्यांच्या डोक्यावर केस नाहीत, हे अर्धी बादली ओतल्यावर लक्षात आलं. ते मात्र ‘अजून थोडं ओत,’ एवढंच म्हणाले.) पाडायला काढलेल्या भिंतीला मीच गिलावा करत होते, धाकटे. पण हाताखालची मुलगी चुकीचं काम करतेय आणि आपण ते बघत बसायचं, हे माझ्याच्यानं होत नाही.

इकडे ह्यांनी कुठूनशी एक घंटी पैदा केली. चष्म्यासाठी घंटी, माशी हाकलायला घंटी, मघाशी घंटी वाजवली होती का, हे विचारायलाही घंटी. ह्यांचे मित्र, निवृत्त हेडमास्तर, सहज डोकावले, तर ह्यांनी क्षीण आवाजात ‘चालायचंच’ म्हणून भिंतीकडे तोंड फिरवलं! मास्तरांचे डोळे पाणावले आणि त्यांनी गावभर केलं. मग काय, फळं घेऊन रांग लागली. एक जण तर स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारतो, ‘डॉक्टर काय म्हणतात?’ मी काय सांगणार, कपाळ? सगळे कॉटवर बसले, ह्यांच्या पायांवर बसले, कोणाच्या कोणत्या काकाला असंच होऊन तो कसा गेला ते सांगू लागले. तेवढ्यात पोरीचा आवाज आला. ‘भेटायची वेळ संपली. उद्या या, एकेक जण या, आणि कॉटवर बसायचं नाही.’ मी चपापले. आवाज माझाच होता, फक्त तरुण. पोरांच्या पिढ्या छड्या मारून सरळ करणारे मास्तर चपला हातात घेऊन मुकाट्यानं जिना उतरले.

बातमी खालच्या मजल्यावर पोचली. तिथली शेजारीण वर आली. तिची सासू पडल्यापासून अंथरुणावर आहे. बिल्डिंगमध्ये त्या सासूला तोफखाना म्हणतात. सांभाळायला ठेवलेली प्रत्येक बाई पळाली. ‘तुमच्याकडे नर्स आलीय म्हणे, जरा खाली पाठवाल?’ मला वाटलं, देवच धावून आला. जे माझ्या तोंडाला जमलं नाही ते तोफखाना करेल. मी पोरीला पाठवलं आणि मजा बघायला मागोमाग दारात जाऊन उभी राहिले.

म्हातारीनं पोरीच्या नाकापासून शिव्यांना सुरुवात केली आणि थेट तुझ्यामाझ्या वडिलांपर्यंत पोचली. (वडिलांबद्दल जे बोलली ते सगळंच काही खोटं नव्हतं.) पोरगी तिच्या डोक्याकडे बघत होती. केसांच्या जटा झालेल्या. ‘आजी, केस धुवायचे का?’ एवढंच म्हणाली. मानेखाली मेणकापड गुंडाळलं, त्याचं टोक बादलीत सोडलं, पाणी स्वतःच्या कोपरावर ओतून पाहिलं आणि सावकाश एकेक गुंता सोडवायला घेतला. तोफखाना चालूच होता. मग दोन तोफांमधलं अंतर वाढलं. शेवटी, ‘आणि ती तुझी मावशी, तिला तर मी...’ इथपर्यंत आली आणि शिवी अर्धी टाकून चक्क झोपली. मला ती काय करणार होती ते आता कधीच कळणार नाही.

पोरगी ओले केस हातात धरून तशीच वाकून उभी. हात हलवला तर म्हातारी जागी होईल, म्हणून. शेजारीण पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली होती. पोरीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला ठाऊक आहे, धाकटे. लोक विचारतात, एवढी वर्षं राबून काय मिळालं? मी पेन्शन सांगते, कारण तेवढंच त्यांना कळतं. पण दुखणाऱ्या माणसाला स्वतःचं अंग नकोसं झालेलं असतं, आणि आपल्या हातून ते त्याला घटकाभर पुन्हा हवंसं होतं, हे एकदा पाहिलं की माणूस कामातून गेला. त्यावर गोळी नाही. मी वर आले आणि उगाच भांडी आपटली.

राहिले हे. प्रात्यक्षिक संपलं असं सांगितलं तरी उठेनात. आता खरंच कुठेतरी दुखतंय म्हणाले. कुठे, ते दर तासाला बदलायचं. शेवटी पोरीनं त्यांच्या उशाशी उभं राहून मला गंभीरपणे विचारलं, ‘मावशी, काका पोट साफ नाही म्हणताहेत. एनिमा देऊ का?’ हे उठले, पँट चढवली आणि भाजी आणायला गेले. न सांगता! ही युक्ती मी तिला शिकवलेली नाही. ती उपजत आहे.

असो. सांगायचं एवढंच, की तुझं काम मी मनापासून केलं. नर्सिंग वाईटच. कंबर जाते, पाय जातात, आणि वर घरचा माणूस म्हणतो माझ्या कपाळावर कधी हात ठेवला नाहीस. शहाण्या मुलीनं बँकेत जावं.

तुझी (अजूनही बहीण असल्यास),
ताई

ता. क. १ : पोरगी उद्याच्या गाडीनं येत नाही. काल तिची नर्सिंग कॉलेजात मुलाखत झाली. मी बरोबर गेले ते केवळ तिला प्रवेश मिळू नये याची खात्री करायला. त्यांनी विचारलं, ‘तुला नर्स का व्हायचंय?’ ही म्हणाली, ‘मावशी नर्सिंग किती वाईट ते सांगायला बसली की तिचं ताट गार होतं तरी तिला कळत नाही.’ सगळे हसले. प्रवेश मिळाला.

ता. क. २ : आईनं किंवा वडिलांनी येऊन सही करायची असते. मी करणार होते, पोरीनं पेन काढून घेतलं. ‘आईनंच करायची, नाहीतर नको,’ म्हणाली. तोफखान्याला न घाबरलेली मुलगी तू काय म्हणशील या धास्तीनं कालपासून नीट जेवलेली नाही. शनिवारपर्यंत जागा राखून ठेवणार आहेत. तेव्हा भांडायचं ते माझ्याशी भांड, पण ये.

ता. क. ३ : सही करताना तुझा हात थरथरला तर ती तुझं मनगट धरेल. मायेनं धरलंय असं समजून लगेच रडू नकोस. ती नाडी बघत असेल. मी तुझं दुसरं मनगट धरून बसणार आहे. तिचा आकडा बरोबर येतो की नाही, ते कोणीतरी तपासायला हवं.