सतरा नंबरचं छत

मुक्काम सतरा नंबर, पेलिकन पॉइंट

ती. क्लॅरीदादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. परवा आख्खी दुपार मी गाडीमागे ओढायच्या त्या तुझ्या कॅम्परखाली आडवीच होते, त्यातलाच एक तुझ्या नावाने जमा कर.) तुझे गुडघे कसे आहेत? टोमॅटो या उन्हात तगले का? बिस्किट अजून पोस्टमनवर भुंकतो, की आता म्हातारपणी नुसतं त्याच्याकडे बघून उसासा टाकतो? इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझ्या मेहुण्याच्या, लिंडसेच्या, मानेत लचक भरली आहे, पण ती कशी भरली ते पुढे येईलच, आणि ते ऐकल्यावर तुला त्याची दया येणार नाही.

आधी मुख्य बातमी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. कॅम्परचं घडीचं छत वर गेलं! चारही कोपरे, सरळ, सपाट, आणि तुझा हात न लागता. नोव्हेंबरात फोनवर तू काय म्हणालास ते मी विसरलेली नाही. म्हणालास, "मी काही आता तिकडे यायचा नाही. ते धूड न्यायचं तर ने, नाहीतर विकून टाकतो. आणि माझ्याशिवाय ते छत वीतभरसुद्धा हलायचं नाही, सांगून ठेवतो." ठेवलंस ना सांगून? आता ऐकून ठेव.

इथली परिस्थिती तुला माहीतच आहे, तरी पुन्हा सांगते, कारण हल्ली तू माहीत असलेल्या गोष्टी माहीत नसल्यासारखा वागतोस. सतरा नंबर म्हणजे या कॅरॅव्हॅन पार्कातली बाबांच्या वेळची जागा. दोन पाइनच्या झाडांची दुपारची सावली, समोर पाणी, आणि संडासाचा वास बरोबर अठरा नंबरपाशी थांबतो. गेल्या वर्षी ऑलिव्हवहिनी गेली म्हणून वॉलीने ती नाताळात रिकामी ठेवली. (पार्कचा रखवालदार असला तरी माणूस मनाचा मोठा.) पण यंदा त्याने मला फाटकावरच गाठलं. "ग्वेंडा, नियम तो नियम. बॉक्सिंग डेला, म्हणजे आज, सूर्य बुडायच्या आत जागेवर छत उभं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर जागा पुढच्याला." आणि पुढचं कोण? अठरा नंबरची नोलीन स्टब्ज. तिच्या जावयाने बंगल्याएवढी कॅरॅव्हॅन घेतली आहे आणि ती आमच्या पाइनखाली मावते, हे बाईने दोरी टाकून मोजून ठेवलेलं आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती खुर्ची आमच्याकडे तोंड करून बसली होती. समुद्राकडे पाठ! तीस वर्षांत तिने समुद्राकडे पाठ केलेली मी पाहिली नव्हती.

तर लिंडसेने गाडी लावली, कॅम्परचे पाय टेकवले, छताच्या कड्या सोडल्या, आणि मी हँडल घालून फिरवायला घेतलं. सुरुवात काय सुंदर झाली म्हणून सांगू! तार ताणली गेली, छत कुरकुरलं, उठलं. पुढचे दोन कोपरे उठले, मागचा उजवा उठला, आणि मागचा डावा, म्हणजे तो सिंकजवळचा, ढिम्म. छत असं तिरकं झालं की पावसाळी टोपी एका कानावर घेतलेला दारुडा दिसावा. लिंडसे म्हणाला, जरा जोर लाव की. मी म्हटलं, जोर लावून तार तुटली तर छत तुझ्या डोक्यावर येईल. तर म्हणाला, मग नको लावूस. (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढ्या झटकन त्याला माझं म्हणणं पटलेलं मला आठवत नाही.)

आता अशा वेळी पेलिकन पॉइंटचे पुरुष काय करतात ते तुला मी सांगावं? तूच त्यांचा पुढारी होतास. पार्काच्या चारी कोपऱ्यांतून हाफ पॅंटी निघाल्या. प्रत्येकाच्या हातात बिअर आणि तोंडात सल्ला. एक म्हणाला कडी राहिली असेल. सगळ्यांनी ओळीने चारही कड्या तपासल्या. उघड्या कडीला सहा जणांनी हात लावून ती उघडी असल्याचं एकमेकांना सांगितलं. एक म्हणाला हातोडी मारा. एक म्हणाला ग्रीस लावा, भरपूर लावा. चौथ्याने तुझं नाव काढलं. "क्लॅरी असता तर आतापर्यंत चहा झाला असता," म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. लिंडसे मात्र त्या अडकलेल्या कोपऱ्याखाली डोकं लावून, दोन्ही हात वर करून उभा राहिला होता, जणू छत नाही, गोवर्धन पेलतोय. आणि वॉली कुत्र्याला घेऊन फेरी मारायला आला, छताकडे बघून म्हणाला, "तीन कोपरे म्हणजे वर नाही हं ग्वेंडा," आणि पुढे गेला. नोलीनने पिशवीतून विणकाम काढलं. तिला किती वेळ बसावं लागणार याचा अंदाज आलेला होता.

खरं सांगते दादा, त्या क्षणी मला रडू येत होतं. जागा गेली तर तू पुन्हा कधीच इकडे येणार नाहीस, हे मला स्वच्छ दिसत होतं. जागा नाही मग जायचं कुठे, असं म्हणून तू त्या घरात बिस्किटबरोबर बसून राहणार आणि टीव्हीवरचं क्रिकेट बघत दोघंही उसासे टाकणार. मग मी हँडल तिथेच सोडलं आणि सरळ कॅम्परखाली शिरले. त्या कोपऱ्याचा खांब बघितला. एकात एक सरकणाऱ्या त्या नळ्यांच्या फटीत काय होतं सांगू? ग्रीस. तुझं ग्रीस. दोन वर्षं शेडमध्ये बसून तू ते भक्तिभावाने थापलेलंस, आणि त्यावर तुझ्या शेडमधली धूळ आणि वाटेवरची वाळू बसून त्याचं नाताळचं पुडिंग झालेलं. नखाने खरवडलं तर ढेकूळ निघालं. आणि तिथे, पाठीखाली खडे टोचत असताना, मला वहिनी आठवली.

आता हे वाचण्याआधी खुर्चीत नीट बस. तुला सांगायचं नाही अशी वहिनीने मला शपथ घातली होती, पण ती पाळायला लावणारीच आता राहिली नाही. दर वर्षी ईस्टर झाला की तू त्या खांबांना ग्रीस थापायचास ना? आणि शनिवारी फुटबॉल बघायला जायचास ना? तू फाटकाबाहेर पडलास की वहिनी रॉकेलचं फडकं घेऊन शेडमध्ये जायची आणि एकूण एक खांब पुसून कोरडा करायची. मग शिवणाच्या कपाटातून सिलिकॉनच्या स्प्रेचा डबा काढून खांबांवर एक हात फिरवायची. तो कोरडा, त्याला वाळू चिकटत नाही. ग्रीस फक्त हँडलच्या दात्यांना, खांबांना कधीच नाही, असं तिने मला भांडी घासता घासता सांगितलं होतं. मी विचारलं, मग दादाला सांगत का नाहीस? तर हसली आणि म्हणाली, "त्याला लावण्यात आनंद आहे, मला पुसण्यात त्रास नाही. छत वर जाताना त्याचं तोंड बघितलंयस का?" मी बघितलंय. आम्ही सगळ्यांनीच बघितलंय. मग मी त्या मळक्या खांबाला धरून चांगली दोन मिनिटं रडले. बाहेरून फक्त माझे पाय दिसत होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

रडून झाल्यावर लिंडसेचा नवा बनियन फाडला (जवळ दुसरं मऊ कापड नव्हतं, आणि त्याचे हात वर अडकलेले होते, त्यामुळे विरोध झाला नाही) आणि कंदिलातलं रॉकेल ओतून पुसायला घेतलं. चारही खांब. काळी रबडी निघाली. कप्प्यांवरची तारही बघून घेतली, एकही पेड तुटलेला नाही. आता हवा होता स्प्रे. तो अख्ख्या पार्कात एकाच बाईकडे होता, कारण तीच आपल्या दारापुढच्या कापडी मांडवाच्या सरकत्या पट्टीला रोज फुसफुस करत असते. मी रॉकेलने माखलेली, केसांत वाळू, अशी नोलीनसमोर जाऊन उभी राहिले आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "नोलीनबाई, जरा तुमचा स्प्रे देता का? तुमच्यासारखं सामान जपून ठेवणारं इथे दुसरं कोण आहे?" सगळ्या हाफ पॅंटी तिच्याकडे बघायला लागल्या. काय करते बिचारी! दिला. वर "सगळा संपवू नकोस गं" असं म्हणाली. मी सगळा संपवला.

आणि मग फिरवलं हँडल. दादा, काय सांगू तुला! लोण्यातून सुरी जावी तसं छत गेलं. चारही कोपरे एकदम, आवाज नाही, कुरकुर नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला, वॉलीचा कुत्रा भुंकायला लागला. वॉलीने सूर्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि टोपी काढली. लिंडसे हात वर करून तसाच उभा होता, छत त्याच्या डोक्यापासून हातभर वर गेलं तरी. आता तो पार्कभर सांगत फिरतो की शेवटचा रेटा त्याचाच होता. म्हणून ती मानेची लचक. नोलीनने खुर्ची उचलली आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून ठेवली. संध्याकाळी मीच तिला सॉसेज आणि कांदा नेऊन दिला. जिंकलेल्याने एवढं करावं.

बाकी सर्व ठीक. बिस्किटला कुरवाळ.

तुझी,
ग्वेंडा

ता. क. एक सांगायचं राहिलं. छत वर गेलं ते गेलं, आता काही केल्या खाली येत नाही. हँडल घट्ट बसलं आहे. वॉलीला जानेवारीअखेर जागा मोकळी करून हवी, आणि इथे कुणालाच यातलं कळत नाही. तेव्हा तुलाच यावं लागेल. लवकर निघ.

ता. क. येताना शेडच्या दारामागची वहिनीची हिरव्या पट्ट्यांची खुर्ची आण. तुझी आम्ही आणली आहे, पाइनखाली मांडली आहे, पण तिच्याशेजारी ओकंबोकं दिसतं.

ता. क. लिंडसेने पत्र वाचलं. म्हणतो, सख्ख्या भावाला असं फसवणं बरं नाही. बरं बाबा, खरं लिहिते. छत उत्तम खाली येतं. आज सकाळीच खाली घेऊन पुन्हा वर केलं, नोलीन साक्षीला आहे. मोडलेलं काही असल्याशिवाय तू हलणार नाहीस, म्हणून मोडून ठेवलं होतं. मोडलेलं काही नाही दादा, तरी ये. ग्रीसचा डबाही आण. तू लाव. मी पुसत जाईन.