गाडीला लागणारा चहा

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
कामोठे, ३ नोव्हेंबर १९८२

ती. तुळशीराम मामांस,
बाळारामचा साष्टांग नमस्कार वि. वि.

दसऱ्याला मोटारसायकल घेतली. ऑफिसातल्या एका साहेबांची बदली झाली, त्यांचीच जुनी गाडी. तुम्ही देवळालीच्या लष्करी वर्कशॉपात उभा जन्म काढलात, म्हणून पहिलं पत्र तुम्हांला.

आईने गाडीला ओवाळलं, नारळ फोडला आणि खोबरेल तेलात हळदकुंकू कालवून अक्षतांसकट टाकीच्या झाकणावर थापलं. तिच्या मते ते गाडीचं कपाळ. आता रोज सकाळी मी निघालो की ती वाटी घेऊन उभीच असते. दिवस मावळेपर्यंत कुंकवाला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे.

तक्रार अशी की, गाडी रोज बेलापूरला जाताना खारघर फाट्यापाशी बंद पडते. रोज त्याच ठिकाणी, किसन पाटील नावाच्या गृहस्थांच्या दारात. पेट्रोल असतं, गाडी हलवली की डुचमळल्याचा आवाज येतो. किका मारून पाय दुखला तरी दाद नाही. किसन पाटील बाहेर येतात, बसा म्हणतात, चहा देतात. चहा संपवून उठलो की पहिल्या किकेला सुरू. संध्याकाळी बेलापूरला पेट्रोल भरून निघतो, तेव्हा घरापर्यंत एकदाही कुरकुर नाही. नव्या साहेबांनी दोनदा लेटमार्क दिला. काय करावं ते सविस्तर कळवा.

मामींना नमस्कार. गाडी सुधारली नाही तरी आपली माया कमी होऊ नये.

आपला,
बाळाराम


देवळाली कॅम्प, ९ नोव्हेंबर १९८२

चि. बाळाराम यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वर्कशॉपात मोठ्याने वाचून दाखवलं. लोक हसले, आणि मला तुझा मामा म्हणून मान खाली घालावी लागली.

नीट लक्षात ठेव. इंजिनाला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, ठिणगी आणि हवा. चहा त्यात नाही. बंद पडल्याबरोबर प्लग काढून बघ. ओला असेल तर पेट्रोल जास्त होतंय, कोरडा असेल तर पोचत नाही. काळा झाला असेल तर पॉलिश पेपरने घास. टाकीखालची चावी पूर्ण उघडी आहे ना, ते पाहा. नवशिके ती अर्धवट ठेवतात. एअर फिल्टर काढून झटक. चेन बोटाने उचलून बघ, थोडी खालीवर झाली पाहिजे, पार ताठ नको. इंजिन ऑइल महिन्याला तपासावं, आठवण झाली की नव्हे.

गाडी ही शिस्तीची वस्तू आहे. तिला कोणाचं दार कळत नाही. हे सगळं कर आणि पुन्हा चहाचा विषय पत्रात आणू नकोस. मामीने विचारलंय, पाय कसा आहे.

अक्कल वाढो, या आशीर्वादासह,
तुझा मामा


कामोठे, २० नोव्हेंबर १९८२

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमच्या पत्राबरहुकूम सगळं केलं. चावी पूर्ण उघडी आहे. फिल्टर झटकला, चेन सैल केली. प्लग कोरडा ठणठणीत निघाला. सगळं परत बसवल्यावर एक नट उरला, तो डबीत जपून ठेवला आहे. गाडी खारघर फाट्यालाच थांबते.

चहाचा विषय नको म्हणालात, पण शास्त्र म्हणून सांगतो. एक दिवस चहा नाकारून नुसत्या किका मारल्या. घाम आला, गाडी सुरू झाली नाही. एक दिवस घरून थर्मास नेला आणि उभ्याउभ्याच चहा प्यालो. तरी नाही. शेवटी ओट्यावर बसून किसन पाटलांचा कप घेतला, त्यांनी खाडीतल्या भरावाच्या जमिनीची सगळी हकिकत सांगितली, आणि मग उठलो तर लगेच सुरू. यावरून ऑफिसात असं ठरलं आहे की, गाडीला त्याच घरचा चहा लागतो. आमचे हेडक्लार्क विज्ञानाचे पदवीधर आहेत, त्यांचंही हेच मत. आईच्या मते मात्र गारीला कोनाची तरी नजर लागली हाय, म्हणून कुंकवाचा थर तिने दुप्पट केला आहे.

चहा किसन पाटलांची मुलगी करते. सुनीती नाव. तिची आई पाचसहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घर तीच बघते. आलं ती ठेचत नाही, किसते. त्यामुळे चोथा तोंडात येत नाही आणि स्वाद मात्र पुरा उतरतो. आल्याचं हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. दूध आधी तापवून घेते. कप तेच दोन, निळ्या काठाचे. त्यातला एक आता माझा असं धरून चालतात.

तेव्हा पुढचा उपाय सुचवावा. फार घाई नाही. पत्राला उशीर झाला तरी मनात राग धरणार नाही, आपणही धरू नये.

आपला,
बाळाराम


देवळाली कॅम्प, २७ नोव्हेंबर १९८२

चि. बाळाराम यास,
आशीर्वाद.

नट उरला म्हणजे काय? गाडीत उरलेला नट नसतो, उरलेला माणूस असतो. तो नट जिथला आहे तिथे लागल्याशिवाय गाडीवर बसू नकोस.

प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. कार्ब्युरेटर उघड. खालच्या वाटीत गाळ असेल. जेट म्हणून पितळी स्क्रूसारखा भाग असतो, त्याच्या भोकात फुंकर मार, तार घालू नकोस. पेट्रोलची नळी पिळवटलेली नाही ना, तेही बघ. माझ्या नोकरीत मी शेकडो गाड्या उठवल्या आहेत, एकीनेही मला बसायला लावलं नाही.

तुझ्या पत्रात प्लगला एक ओळ आहे आणि आल्याला अख्खा परिच्छेद. मामीने तो दोनदा वाचला आणि हसली. का, ते सांगत नाही.

नट लागेपर्यंत आशीर्वाद जपून वापर,
मामा


कामोठे, ८ डिसेंबर १९८२

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

नट मडगार्डचा निघाला, लावला. कार्ब्युरेटर किसन पाटलांच्या ओट्यावरच उघडला. गाडी पुढे जातच नव्हती, म्हणून म्हटलं तिथेच करावं. सुनीतीने परात धरली, जेटला फुंकर तिनेच मारली. गाळ औषधालाही नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडी तिथेच थांबली.

आता प्रकरण वाढलं आहे. पनवेलचा एक जीपवाला महिनाभर मला तिथे बघतो. गेल्या आठवड्यात त्याची जीप तापली, तर तोही सरळ ओट्यावर येऊन बसला. चहा झाल्यावर जीप सुरू झाली. आता दोन स्कूटरवाले गाडी धड असतानाही आधीच थांबून घेतात, पुढे त्रास नको म्हणून. एकाने तर रेडिओ आणला होता. किसन पाटलांनी दुसरं बाकडं टाकलं आहे.

हसण्यावारी नेऊ नका, मामा. परवा किसन पाटलांनी मला बाजूला घेतलं. येत्या २६ तारखेला, रविवारी, सुनीतीला बघायला पेणची मंडळी येणार आहेत. मुलगा शिक्षक आहे. दारात रोज एकाच पोराची गाडी उभी राहते, हे पेणपर्यंत गेलं आहे. ते रागाने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की, त्याच्या आत गाडी दुरुस्त करा, नाहीतर दुसऱ्या रस्त्याने जात चला. दुसरा रस्ता नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

दोन रात्री झोप नाही. गाडी दुरुस्त झाली तर थांबायला कारण नाही, आणि नाही झाली तर त्या घराची अब्रू जाते. काय करू? गाडीबद्दलच विचारतो आहे.

आपल्या मायेचा भुकेला,
बाळाराम


देवळाली कॅम्प, १४ डिसेंबर १९८२

चि. बाळाराम यास,
आशीर्वाद.

बहुतेक इंजिनच खोलावं लागेल. मी रजेचा अर्ज देतो. तोवर कशाला हात लावू नकोस. खाली मामीला काही लिहायचं आहे म्हणे. लिहू दे.
मामा

चि. बाळारामला येसूबाई मामीचे आशीर्वाद. मला गाडीतलं कळत नाही. पण गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल जरा पडतं आणि अडतं. वरून दुसरं पाडलं की सरळ धार लागते, कारण आत वारा जायला वाट होते. तुझ्या टाकीतलं पेट्रोल खाली जातं, तर वरून वारा कुठून जातो? एवढंच मी यांना विचारलं. हे ताटावरून उठले, वर्कशॉपात जाऊन कुठल्याशा गाडीचं झाकण बघून आले. झाकणाला बारीक भोक असतं म्हणे. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्या झाकणावर वन्सं काय थापतात, ते तूच लिहिलं होतंस. चहा होईपर्यंत त्या थरातून वारा हळूहळू झिरपत असणार, आणि संध्याकाळी पेट्रोल भरायला झाकण उघडतोस तेव्हा तो थर तडकत असणार.

भोक पिनेने मोकळं कर, गाडी थांबायची नाही. आणि तुला तिथे थांबायचंच असेल, तर ब्रेक पायाखाली असतो. तो दाबायला मामा लागत नाही.

तुझी मामी


कामोठे, २१ डिसेंबर १९८२

ती. मामा आणि ती. मामी यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आईच्या नजरेआड झाकण पुसलं. कुंकू, तेल आणि तांदळाचा खडकच झाला होता. पिन घातली तर आतून हुश्श असा आवाज आला, दोन महिने कोंडून ठेवल्यासारखा. आज सकाळी तशीच गाडी काढली.

खारघर फाटा आला. किसन पाटील ओट्यावर होते. सुनीती दारात कप घेऊन उभी होती, निळ्या काठाचा. मी सवयीने पाय टेकायच्या तयारीत होतो, आणि गाडी थांबलीच नाही. सरळ पुढे गेली. वळून पाहिलं तर ती कप तसाच धरून होती. मला तेव्हा कळलं की आजवर गाडी थांबत होती, मी कधी थांबलोच नव्हतो.

मामींचा ब्रेक आठवला. गाडी वळवली, त्यांच्या दारात थांबवली, चावी काढून खिशात घातली. किसन पाटलांना सांगितलं की गाडी दुरुस्त झाली आहे, आज मी स्वतः आलो आहे. त्यांनी बाकड्यावर मला जागा करून दिली. मग म्हणाले की, पोर गेल्यावर मला सकाळी चहा कोण देणार, एवढाच विचार करतो. आतून सुनीतीने सांगितलं की, पेणला आजच कार्ड टाका.

रविवारी आई नारळ घेऊन जाते आहे. मामा, मामींशी बोला. लग्नात दोघांनी एका गाडीत यावं, एवढं मागणं पुरवा.

आपला,
बाळाराम


कामोठे, १२ मे १९८३

ती. येसूबाई मामींस,
सुनीतीचा नमस्कार वि. वि.

लग्नात तुम्ही दिलेली पितळी परात रोज वापरते. सासूबाई बऱ्या आहेत. झाकणावर कुंकू थापणं त्यांनी सोडलेलं नाही. भोकाची गोष्ट आम्ही त्यांना सांगितली, तर म्हणाल्या की देवीला एवढ्याशा भोकातून काय कळतंय. म्हणून यांनी निघण्याआधी मी बांगडीतली पिन काढते आणि त्या आत वळल्या की भोक मोकळं करते. गाडी सरळ बेलापूरला जाते.

माझे आबा आता एकटेच असतात. जीपवाले, स्कूटरवाले येईनासे झाले, दुसरं बाकडं उचलून ठेवलंय म्हणे. चहा स्वतः करतात, आलं ठेचून. सकाळच्या वेळी मात्र अजून ओट्यावर येऊन बसतात.

म्हणून सोमवारी मी भोकात पिन घालत नाही. गाडी आबांच्या दारात बंद पडते. दोघे चहा घेतात, संध्याकाळी मला सगळी खबर मिळते. यांना गाडीतलं आता सगळं येतं, झाकण सैल केलं की झालं, हेही ठाऊक आहे. पण आबा सांगत होते, हे दर सोमवारी खाली उतरतात, कपाळाला हात लावतात, दोनचार किका मारून दाखवतात आणि मगच ओट्यावर येतात.

मामांना यातलं कळवू नये. ते उपाय सांगतील.

तुमची,
सुनीती