हलकी

प्रिय वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर तू हे न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता मी इथल्या स्वयंपाकीणबाईंकडून लिहून घेतला. म्हणजे फसवूनच आत शिरलेय. रागाव हवं तर, पण वाचून मग रागाव. शिवणाच्या दुकानाला कुलूप लावून, लोकांचे अर्धवट कपडे तसेच टांगून मी चालायला आलेय. त्याच वाटेवर, जिच्यावर गेल्या वर्षी तू आणि दादा चालत होतात आणि जिथून तू एकटी परत आलीस. डोंगराच्या पायथ्याशी जो यात्रीनिवास आहे, त्याच्या मागच्या अंगणात बसून लिहितेय. दोरीवर सगळ्यांचे मोजे वाळताहेत आणि माझा गुडघा चांगलाच सुजलाय. दादा जिथं पडला ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढंच मनात धरून निघाले होते.

इथली माणसं तुला ठाऊकच आहेत. मला वाटलं होतं, देवाच्या वाटेला लागलेली माणसं जरा मऊ झालेली असतील. कसलं काय. जो लांबून चालत आला तो जवळून निघालेल्याकडे बघून नाक मुरडतो. ज्याच्या पायाला फोड आलेत तो बिनफोडाच्या पायांवर संशय घेतो. कुणी घटकाभर बसमध्ये बसला, तर संध्याकाळी त्याच्या शेजारची खाट रिकामी राहते. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. भिंतीला टेकवलेल्या बॅगा ते जाता जाता एका बोटानं उचलून बघतात. मी मनातल्या मनात त्यांना तराजू म्हणते. गुडघ्यानं दगा दिला तशी मी बॅग पुढच्या मुक्कामी व्हॅननं पाठवायला लागले आणि पाठीवर नुसती पाण्याची बाटली घेऊन चालू लागले. पहिल्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तराजू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या, बसा. आज आपल्यात एक हलकी आली." सगळे हसले. शेजारच्या बाईंनी मला समजावलं, मनाला लावून घेऊ नका, ओझं गाडीत टाकून चालणाऱ्यांना या वाटेवर हलके म्हणतात, जुनी रीत आहे.

वहिनी, माझा घास तोंडातच राहिला. हसण्याचं मला काही वाटलं नाही, लोकांच्या कमरेची मापं घेणारीला असलं बोलणं नवं नाही. पण तो शब्द मी आधी ऐकला होता. तुला माहीत नसेल, दादाचा शेवटचा फोन आला तेव्हा आईनं तो स्पीकरवर टाकला होता आणि मी मशीनवर बसले होते. तो याच गावातून बोलत होता. म्हणाला, "आई, इथं सगळे हिला हलकी म्हणतात. मला ऐकवत नाही. हिला उद्या बसनं परत पाठवतोय, बाकीचं आल्यावर सांगतो." बाकीचं सांगायला तो आलाच नाही. आपल्या घरात एखाद्या बाईला हलकी म्हणतात ते कशासाठी, हे मी तुला सांगायला नको. त्या रात्री आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू आलीस, आणि तू चप्पल काढतेस न काढतेस तोच डोंगरावरून निरोप आला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आई म्हणाली, बंद पडलं नाही, हिनं फोडलं.

मग तिनं तुला एकच प्रश्न विचारला होता, आठवतो? तिथं लोक तुला जे म्हणत होते ते खरं का? तू म्हणालीस, हो, म्हणत होते. एवढंच बोललीस, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेलीस. आईला काय विचारायचंय ते तुला तेव्हा कळलं होतं की नाही, यावर मी या वाटेवर फार विचार केला. कळलं होतं, वहिनी. तू काही भोळी नव्हेस.

कारण शब्दाचा उलगडा झाला तरी एक गोष्ट जुळत नव्हती. बेकरीत पिठाची पोती एकटीनं उचलणारी तू. नोकर खाडा करायचा तेव्हा मालक तुलाच हाक मारायचा, आणि दादा मला म्हणायचा की हिच्याशी भांडताना जरा लांबून भांड. तुला एक बॅग जड व्हावी? काल व्हॅनवाल्याला मी दादाचा फोटो दाखवला. त्यानं लगेच ओळखलं. म्हणाला, पोहायला शिकवायचे ना ते, छाती काढून चालायचे. माझ्या गाडीत यायची ती बॅग साहेबांची असायची, पण चारचौघांत बाई म्हणायच्या, माझी आहे, मला पेलवत नाही. आणि बाईंची स्वतःची बॅग साहेबांच्या पाठीवर, आत नुसती उशी. मग एकदा टेबलावर फार हशा झाला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंना बसमध्ये बसवलं, स्वतःची भरलेली बॅग माझ्याकडून मागून घेतली आणि डोंगर चढायला लागले. मी नको म्हणालो, असं तो दोनदा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

म्हणजे त्याच्या छातीचं दुखणं तुला एकटीला माहीत होतं. आपल्या गावातल्या अर्ध्या पोरांना पाण्यात ढकलून पोहायला लावणारा तो, त्याला ओझं उचलायची बंदी आहे हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आईला तर नाहीच. त्याचं हसं होऊ नये म्हणून तू ते स्वतःवर घेतलंस, आणि तो गेल्यावर आईसमोरही त्याचं गुपित फोडलं नाहीस. आणि तुझं हसं त्याला सोसवेना म्हणून त्यानं ते ओझं पुन्हा उचललं. एका फालतू शब्दापायी माझा भाऊ गेला, वहिनी. कुणी वाईट नव्हतं, नुसती जेवणाआधीची गंमत चालली होती. मला फार रडू येतंय, आणि समोर हे मोजे वाळताहेत.

सकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता मी कुणावर रागावू?" फोन तसाच टेबलावर ठेवून ती उठली. मला नळाचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. तुझं कपाट गं. सगळं फेकून देईन असं तेव्हा म्हणाली होती, पण दर महिन्याला ती तुझे कपडे उन्हात घालते आणि मी दिसले की जुनी पांघरुणं आहेत म्हणते. परत येऊन म्हणाली, ती घरचा फोन उचलत नाही, तर तू पत्र लिही. मी जे बोलले ते पत्रात माफ होणारं नाही, ते मी तिच्यासमोर बसून बोलेन. फक्त ये म्हणावं. तेवढ्यासाठीच हे लिहिलं. दादाची जागा मी उद्या बघणार नाही, तू सोबत असशील तेव्हाच बघेन, बसनं जाऊ सरळ. आधी घरी ये. तुझं सगळं जागच्या जागी आहे, काही भरून आणू नकोस. हलकीच ये.

तुझीच,
टाचणी