तांब्यावरच्या डाव्या रांगा

माजलगाव, १४ नोव्हेंबर १९९९

पुण्याहून माझ्या संशोधनाच्या सरांचं पत्र आलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. तांब्याच्या पत्र्यावर बसलेल्या माझ्या रेणूंच्या, सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोत अर्ध्या रांगा उजवीकडे कललेल्या, अर्ध्या डावीकडे. सर लिहितात, डाव्या कापून टाक, नाहीतर नमुना अशुद्ध होता असं लोक म्हणतील.

काहून कापू? रेणू एकच आहे, सपाट. तांब्यावर तो कुठल्या अंगावर पडतो, त्यावरून रांगेचा कल ठरतो. एवढंच!

संध्याकाळी आमच्या भांड्यांच्या दुकानात बाबांना हेच सांगत होते. पुठ्ठ्याचे एकसारखे तिरपे तुकडे कापून तांब्याच्या परातीत मांडले. सुलटे तुकडे खेटून ठेवले की ओळ उजवीकडे कलायची, पालथे ठेवले की डावीकडे. बाबांनी एक पालथा तुकडा उलटवून बघितला.

"ह्यो तर त्योच हाय की!"

"सर न्हाई म्हणतात."

"तुज्या सरांनी महादेवाला प्रदक्षिणा घातली न्हाई वाटतं. तीर्थाच्या पन्हळीपासून आपण माघारी फिरतो. ती माघारीची फेरी खोटी म्हणून कुणी गाळतं व्हय?"

मी भित्री आहे का? असेन. शिष्यवृत्ती सरांच्या सहीवर चालते, हेही ठाऊक आहे. तरी उत्तर लिहिलं: लेखात फोटो पूर्ण छापायचा, नाहीतर लेखावर माझं नाव नको.

पाकिटात पुठ्ठ्याचा एक तुकडा घातलाय. टेबलावर तो कुठल्या अंगावर पडतो, ते सरांनीच बघावं.